चर्चिल नदी वळवली, तिच्या काठांचे काय झाले?

संपादक महोदय,

नदीजोड योजनांची चर्चा बहुधा ‘वाया जाणारे पाणी’ या शब्दांपाशीच संपते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने हे पाणी वळवून पन्नास वर्षे होत आली आहेत.

चर्चिल नदी सस्कॅचेवानमधून येऊन हडसन उपसागराला मिळते. वीजगृहे मात्र शेजारच्या नेल्सन नदीवर. म्हणून 1976-77 मध्ये मिसी धबधब्यापाशी दरवाजांचे धरण बांधून सदर्न इंडियन लेक हे सरोवर सुमारे 3 मीटर चढवले आणि खोदलेल्या कालव्याने पाणी रॅट व बर्न्टवुड नद्यांमार्गे नेल्सनमध्ये उतरवले. मूळ परवान्यानुसार सेकंदाला सुमारे 850 घनमीटर पाणी वळवता येत असे. मिसीखाली किमान विसर्ग किती? उन्हाळ्यात 14 आणि बर्फ असताना 42 घनमीटर!

आपल्या कोयनेचे पाणीही वीज निर्माण करून वाशिष्ठीत जाते, पण तिथे काठाखाली बेसॉल्ट आहे. सदर्न इंडियन लेकचा बराचसा काठ म्हणजे कायम गोठलेली बारीक चिकणमाती. चढलेले पाणी तिला लागले की आतला बर्फ वितळतो, काठ खालून पोखरून कोसळतो आणि मागे गोठलेल्या मातीचा नवा कडा उघडा पडतो. खडक लागेपर्यंत हे चालूच राहते. गाळाने पाणी गढूळ झाले आणि तिथली व्हाइटफिशची उत्तम मासेमारी ढासळली. बुडालेल्या जमिनीतली झाडे-माती कुजताना जिवाणूंनी पाऱ्यापासून मिथिल-पारा हा त्याचा विषारी प्रकार बनवला. तो पाइकसारख्या शिकारी माशांत साठत गेला आणि 0.5 पीपीएम (दशलक्ष भागांत अर्धा भाग) ही विक्रीची मर्यादा ओलांडली गेली.

ज्या नदीत पाणी आले तिचेही नुकसान झाले. विजेची मागणी हिवाळ्यात सर्वाधिक, त्यामुळे जास्त पाणी तेव्हाच सोडतात. पातळी चढली की पाणी फटींतून बर्फावर येऊन हिमाखाली लगदा होतो. उतरली की बर्फ अधांतरी राहतो. स्नोमोबाइलने (बर्फावरच्या गाडीने) जाणाऱ्यांना दोन्ही धोके वरून दिसत नाहीत.

1977 च्या भरपाई करारात क्री या मूलनिवासी समाजाच्या पाच वस्त्या होत्या. ज्यांचे सरोवर चढवले, ते साउथ इंडियन लेक गाव त्यात नव्हते, कारण त्याला राखीव वस्तीचा दर्जा नव्हता. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

नदीजोडाच्या बातमीत किती पाणी वळणार हा आकडा असतोच. त्याच्याशेजारी मूळ नदीत महिनावार किमान किती पाणी सोडणार आणि काठाची माती कोणती, हेही आपण छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा