शंभर शेळ्यांचे अनुदान आणि पहिल्या वर्षाची मरतुक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पुरवणीत नोकरी सोडून शेळीपालनाकडे वळलेल्या तरुणांच्या यशकथा अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्या खोट्या आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. मात्र त्यांतील बऱ्याच पहिल्या वर्षीच लिहिलेल्या असतात. शेड नवे असते, शेळ्या नुकत्याच उतरवलेल्या असतात आणि उत्पन्नाचा आकडा प्रत्यक्ष विक्रीचा नसून प्रकल्प अहवालातला असतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे उस्मानाबादी शेळीच्या मूळ मुलखात झाली. पिढ्यानपिढ्या शेळ्या टिकलेल्या दारांतही मी लस टोचली आहे आणि वर्ष-दीड वर्षात रिकाम्या झालेल्या मोठ्या शेडमध्येही. या धंद्याची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते आणि सरकारी अनुदानाची रचना त्या चुकीला बळ देते, असे माझे मत झाले आहे. ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता योजनेत सर्वांत लहान गट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा आहे. त्यासाठी प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के, म्हणजे कमाल १० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळते आणि ५०० शेळ्या व २५ बोकडांच्या गटासाठी ही मर्यादा ५० लाखांपर्यंत जाते. दुसऱ्या टोकाला राज्याची १० शेळ्या व १ बोकड वाटपाची योजना आहे. तिचा लाभ मुख्यतः अल्पभूधारक आणि महिला बचत गटांतील सदस्यांना होतो आणि तिच्यात सर्वसाधारण प्रवर्गाला ५० तर अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान आहे. ज्याने आजवर एकही शेळी सांभाळलेली नाही असा तरुण या दोन योजना समोर ठेवून साहजिकच मोठ्या आकड्याकडे ओढला जातो. पात्रतेसाठी प्रशिक्षण वा अनुभव मागितला जातो हे खरे. पण चार-पाच दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि एक उन्हाळा व एक पावसाळा कळपासोबत काढणे यांत केवढे अंतर आहे, हे पहिल्या श्रावणातच कळून येते.

प्रकल्प अहवालातले गणित एकदा उघडून पाहावे. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा माजावर येते, म्हणून दोन वर्षांत तीन वेते. प्रत्येक वेताला जुळी करडे, म्हणजे शंभर शेळ्यांपासून वर्षाला तीनशे करडे. यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे आणि उत्तम सांभाळलेल्या उस्मानाबादी शेळीने ते करूनही दाखवले आहे. पण पहिलारू शेळी बहुधा एकच करडू देते, काही शेळ्यांचा माज ओळखू येत नाही, काही उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, काही गाभडतात. वर्षाला १२० वेते आणि वेतामागे सरासरी दीड करडू धरले आणि करडांची मरतुक १५ टक्के मानली, तर हाती १५३ करडे राहतात, म्हणजे अहवालातल्या आकड्याच्या जवळपास निम्मी. त्यांतल्या अर्ध्या पाटी, म्हणजे मादी करडे, असतात आणि चांगल्या पाटी विकायच्या नसतात, कारण म्हाताऱ्या शेळ्यांची जागा त्यांनाच घ्यायची असते. नवख्या माणसाकडे १५ टक्के मरतुक ही तर चांगलीच कामगिरी म्हणावी लागेल.

खर्च मात्र निम्मा होत नाही. तीस किलो वजनाच्या एका शेळीला रोज साधारण तीन किलो हिरवा चारा, एक किलो सुका चारा आणि दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचे खाद्य, लागतो. शंभर शेळ्यांना म्हणजे दिवसाला तीन क्विंटल हिरवा चारा आणि एक क्विंटल भुसकट वा कडबा. वर्षाचा हिशेब केला तर हिरवा चारा शंभर टनांच्या वर आणि सुका छत्तीस टनांच्या वर जातो. खुराक तीस रुपये किलो धरला तरी केवळ शेळ्यांचा खर्च वर्षाला पावणेतीन लाखांच्या घरात जातो आणि यात बोकड व वाढती करडे अजून धरलेली नाहीत. एवढा चारा पिकवायला दोन-तीन एकर तरी हमखास पाण्याखालची जमीन हवी. अहवालात शेडच्या पत्र्याचा माप-तपशील असतो, चाऱ्यापुढे मात्र ‘स्वतःच्या शेतातून’ एवढेच लिहिलेले असते. ज्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नसते तिच्या भरवशावर बंदिस्त शेळीपालन सुरू करणारी माणसे मी पाहिली आहेत. मे महिन्यात ती विकतच्या चाऱ्यावर येतात आणि त्याच महिन्यात शेळ्याही विकायला काढतात.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे काळ. आज शेळ्या आणल्या, त्या रुळल्या, गाभण राहिल्या, पाच महिन्यांनी व्यायल्या आणि बोकड आठ-नऊ महिन्यांचा होऊन वीस-बावीस किलोंचा झाला, तर पहिला खरा पैसा यायला सव्वा ते दीड वर्ष जाते. बँकेचे व्याज आणि खुराकाचे बिल मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. शेडवर सगळे भांडवल घालून बसलेल्या माणसाला मग गाभण शेळ्याच विकून हप्ता भरावा लागतो.

म्हणून आरंभ चाऱ्यापासून व्हावा असे मी सांगत आलो. शेळ्या येण्याच्या आधी किमान सहा महिने मेथी घास, दशरथ घास, तुती, बांधावर शेवरी आणि हादगा लावून घ्यावा. सुबाभूळ चांगलीच, पण तिच्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, तेव्हा ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये. तूर, हरभरा आणि सोयाबीनचे भुसकट सुगीत स्वस्त असते. ते तेव्हाच भरून ठेवावे. शेळी हा खुडून खाणारा प्राणी आहे. तिला पाला, शेंगा आणि बदल हवा असतो. एकाच नेपियर गवताची कुट्टी करून गव्हाणीत टाकली तर ती अर्धी तुडवते आणि मालक म्हणतो की जनावर नाठाळ आहे.

शेडबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. मोठ्या शेळीला दहा चौरस फूट छताखालची जागा, लांबी पूर्व-पश्चिम, मोकळी हवा, कोरडी जमीन आणि बाहेर फिरायला दुप्पट मोकळे आवार, एवढे पुरते. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्यावर उसाचे पाचट टाकले की आतला उकाडा बराच कमी होतो. मचाणाचा, म्हणजे जमिनीपासून उंच फळ्यांच्या तळाचा, खर्च कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात समजण्यासारखा आहे. परांड्याच्या माळावर तो बहुधा पाहुण्यांना दाखवण्यासाठीच केलेला असतो.

आता मरतुकीविषयी. आपल्या उष्ण हवामानात शेळीला उन्हापेक्षा पावसाळा अधिक मारतो. पहिल्या पावसानंतर उगवलेले कोवळे लुसलुशीत गवत अधाशीपणे खाल्ले की आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग, होतो आणि रात्री धडधाकट असलेली जनावरे सकाळी मेलेली सापडतात. ओल आणि उष्म्यात जंतांची अंडी झपाट्याने वाढतात. पोटातला रक्त पिणारा गोल जंत शेळीला आतून पोखरतो. खालची पापणी उलटून पाहिली आणि ती गुलाबीऐवजी पांढरट दिसली की समजावे. सगळ्या कळपाला तेच ते जंतनाशक अंदाजाने पाजत राहिले, तर काही वर्षांत ते औषध त्या शेडपुरते निकामी होते. लेंड्या तपासून औषध ठरवण्याची सोय जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आहे, पण तिचा उपयोग करणारे फार थोडे.

सर्वांत मोठा घात मात्र खरेदीतच होतो. शंभर शेळ्या एका गावात, एका घरात मिळत नाहीत. मग दोन-तीन आठवडी बाजारांतून, वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून किंवा थेट राजस्थानातून ट्रक भरून शेळ्या येतात. दोन दिवसांचा प्रवास, उपासमार, गर्दी आणि निरनिराळ्या कळपांचे मिसळणे, यानंतर आठवड्याभरात ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण आणि न्यूमोनिया सुरू होतो. हा पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग. या विषाणूवर औषध नाही. उपचार होतात ते नंतरच्या जिवाणूसंसर्गावर. आणि या रोगाची लस मात्र एकदा नीट टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. म्हणजे जो रोग सर्वांत सहज टाळता येतो त्यानेच नवी शेडे रिकामी होतात. लसीची एक कुपी अनेक मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यानंतर काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे गावातल्या सगळ्यांनी एका दिवशी शेळ्या गोळा केल्या तरच ती वाया जात नाही. शेळ्या आणण्यापूर्वी विकणाऱ्याच्या दारातच लस टोचून घ्यावी, तीन आठवडे थांबावे, मग शेळ्या न्याव्यात, आणि आणल्यावरही तीन आठवडे जुन्या कळपापासून लांब ठेवाव्यात. हे सांगितले की ‘व्यापारी थांबत नाही’ असे उत्तर येते. व्यापारी थांबत नसेल तर सौदा सोडावा.

जातीच्या बाबतीतही हौस फार महाग पडते. महाराष्ट्राच्या स्वतःच्या उस्मानाबादी, संगमनेरी, विदर्भातील बेरारी आणि सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ या जाती त्या-त्या हवा-पाण्यात मुरलेल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतील बोअर जातीचा मांसवाढीचा गुण निर्विवाद आहे आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर गांभीर्याने काम केले आहे. स्थानिक शेळीवर बोअरचा चांगला बोकड वापरून विक्रीची करडे घेणे हा विचार समजू शकतो. पण ज्या किमतीला शुद्ध म्हणून बोअर आणि लांब कानांची शोभेची जनावरे एक शेळीपालक दुसऱ्या नव्या शेळीपालकाला विकतो, ती किंमत खाटीक कधीच देणार नाही. जोपर्यंत नवे खरेदीदार येत राहतात तोपर्यंतच ती टिकते, आणि प्रशिक्षण वर्ग हाच जिथे शेळ्यांचा मुख्य बाजार असतो तिथे जपून असावे.

विक्रीचे म्हणाल तर बाजारात बोकड अजूनही पाठीवर हात फिरवून, नजरेने जोखला जातो आणि भाव पुष्कळदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरतो. ज्याच्याकडे काटा आहे तो निदान आपण काय विकतो हे जाणतो. साध्या वजनकाट्याचा खर्च दोन-चार बोकडांत वसूल होतो. बकरी ईदच्या बाजारावर पुष्कळांची भिस्त असते. कुर्बानीचा बोकड किमान एक वर्षाचा, दोन दाती, म्हणजे पुढचे दोन कायमचे दात आलेला लागतो. पाच महिने गाभणकाळ आणि वर्षभराची वाढ धरली तर त्याची तयारी सतरा महिने आधी शेळी गाभण करण्यापासून करावी लागते. शिवाय ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते, २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. मागच्या वर्षीची तारीख धरून बसणाऱ्याचा बोकड बाजारात पोहोचतो तेव्हा त्याला दात आलेले नसतात.

२०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यांतील फार मोठा वाटा पाच-दहा शेळ्या सांभाळणाऱ्या भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांचा, आणि त्या घरांतल्या बायकांचा आहे. त्यांना कर्जफेडीचे गणित येत नसेल, पण कोणती शेळी आज चरत नाही हे त्यांना संध्याकाळी शेळ्या बांधतानाच दिसते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेल्या महिला, या बायकांमधूनच तयार झाल्या आहेत. लसीकरणाच्या दिवशी अख्खी वस्ती एकत्र आणण्याचे काम आम्हा कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांनी अधिक चांगले केल्याचे मी पाहिले आहे. त्यांना गावोगावी मानधन वेळेवर मिळाले तरी मरतुकीत मोठा फरक पडेल.

शासनाला विनंती एवढीच आहे की शंभर शेळ्यांचे अनुदान एका झटक्यात देऊ नये. पहिल्या टप्प्यात पंचवीस शेळ्या आणि चाऱ्याची लागवड यांसाठी मदत द्यावी, वर्षभराची जन्म, मृत्यू आणि वजनाची नोंदवही पाहावी आणि मगच पुढचा टप्पा मोकळा करावा. ज्यांनी १० शेळ्यांच्या योजनेतून कळप टिकवला आणि वाढवला त्यांना मोठ्या योजनेत अग्रक्रम द्यावा. यामुळे उद्दिष्टाचे आकडे उशिरा भरतील, हे मान्य.

आपल्यालाही एक विनंती आहे. यशकथा छापताना बातमीदाराने मालकाकडे मरतुकीची वही मागावी आणि धंदा किती वर्षांचा आहे ते ठळक लिहावे. आणि लासलगावच्या कांद्याचा क्विंटलचा भाव आपण रोज छापता, तसा लोणंद, काष्टी, चाकण यांसारख्या बाजारांतील बोकडांचा जिवंत वजनावरचा किलोचा भाव आठवड्यातून एकदा छापता आला, तर आमच्या भागातला शेळीवाला बाजाराला निघण्याआधी तो पाहील.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. परांडा, जि. धाराशिव