पाइप आत्ताच टाकून ठेवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त फांदीचा किस्सा तेवढा ठेवा.

मी आडगावला राहतो, घरच्या तीन गाड्या आहेत, दोन ट्रक आणि एक पिकअप. कांदा, टोमॅटो, सीझनला द्राक्षं, जे भाडं मिळेल ते मारायचं. तुमच्या पेपरात नाशिकच्या रिंगरोडच्या बातम्या न चुकता वाचतो, मोजणी झाली, मोबदल्यावरून मीटिंग झाली, २०२७ च्या कुंभाच्या आधी उरकायचं वगैरे, साधारण ६६ किलोमीटरचा आहे म्हणे. तिकडे वाढवण बंदरापासून आपल्या भरवीरला समृद्धीला येऊन मिळणारा शंभरेक किलोमीटरचा मालवाहतुकीचा रस्ता २०२५ मधे मंजूर झाला, आणि सुरत-चेन्नई हायवेचं भिजत घोंगडं तर सुरगाणा, दिंडोरी, सिन्नरवाल्यांना तोंडपाठ आहे. या सगळ्या बातम्यांत जमीन असते, पैसा असतो, भूमिपूजन असतं. पण रस्त्याच्या पोटात काय टाकणार, कडेला काय उभं करणार, म्हणजे उद्या गाडी गाडीशी आणि गाडी रस्त्याशी बोलायला लागली तर हा रस्ता त्याला तयार असणार का, यावर मला तरी अजून एक ओळ सापडली नाही.

आता फांदी. गेल्या मे महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला घोटीच्या पुढे आमच्या गाडीचं मागचं टायर फुटलं. गाडीत कांदा भरलेला, वाशीला जायचा. ड्रायव्हरने रीतीप्रमाणे गाडी कडेला घेतली, तरी अर्धी रस्त्यावरच राहिली, क्लीनरने कुठूनतरी करंजाची फांदी तोडून आणली आणि गाडीच्या मागे चाळीस-पन्नास पावलांवर टाकली, पुढे चार दगड लावले. आपल्याकडे हायवेवर फांदी दिसली की समजायचं पुढे गाडी उभी आहे, हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना माहितीये. एक कार आली, फांदीवरून गेली, करकचून ब्रेक मारला आणि ट्रकच्या फाळक्यापासून हातभर लांब थांबली. आतला माणूस खाली उतरून पाच मिनिटं नुसता उभा होता. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून पोरं परत येत होती, बघतात तर दगड तिथेच, आदल्या रात्री घाईत उचलायचे राहिलेले, आणि एक मोटरसायकलवाला त्यावरून पडून बाजूला बसलेला. ड्रायव्हर मला फोनवर सांगताना रडकुंडीला आला होता. मोटरसायकलवाल्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि दगड उचलले म्हणाला.

तर ही कनेक्टेड व्हेइकल म्हणतात ना, ती दुसरंतिसरं काही नसून ही फांदीच आहे. गाडीत एक छोटा रेडिओ बसवतात, तो सेकंदाला दहा वेळा सांगतो की मी इथे आहे, इतक्या स्पीडला आहे, ब्रेक दाबलाय किंवा उभा आहे, आणि आसपासच्या काहीशे मीटरमधल्या गाड्यांना ते ऐकू येतं. रस्त्याकडेच्या खांबावर तसाच रेडिओ लावला की तो मागच्या खांबाला सांगतो, मागचा त्याच्या मागच्याला, आणि दोन किलोमीटर मागे असलेल्या ड्रायव्हरला वळणापलीकडचा बंद पडलेला ट्रक आधीच कळतो. गाडी निघून गेली की निरोप पण संपतो, दगड मागे राहत नाहीत. माझा भाचा पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधे आहे, त्याच्याकडून हे सगळं दिवाळीत दोन तास ऐकून घेतलं, त्याला फराळ पण धड करू दिला नाही.

नाशिककरांना हे सांगायला नको खरंतर. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धीवर वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर मागून आदळली, १२ माणसं गेली, सैलानी बाबाचं दर्शन घेऊन परत येणारी आपल्याकडचीच माणसं होती. ट्रक तिथे का उभा होता यावर तेव्हा बरंच छापून आलं, त्यात मी पडत नाही. पण एवढा मोठा, १५० च्या स्पीडचं डिझाइन असलेला, १२० ची लिमिट दिलेला रस्ता, आणि पुढे ट्रक उभा आहे हे मागच्याला सांगायला काय तर ट्रकचे इंडिकेटर, ते चालू असले तर.

कोणी म्हणेल, आपल्या गाड्यांत कुठे तो रेडिओ आहे? नाहीये, मान्य. माझ्या पिकअपमधे तर धड हॉर्न नाही. पण खांबावर रडार किंवा कॅमेरा असेल तर उभी गाडी तो स्वतः ओळखतो आणि मागच्या कमानीवरच्या बोर्डवर लाल फुली नाहीतर कमी स्पीडचा आकडा दाखवतो, त्याला माझ्या गाडीत काहीच लागत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कमानी आणि कॅमेरे २०२४ पासून चालू आहेतच, आपल्या लोकांनी चलन येतंय म्हणून शिव्या घालून झाल्या. माझं म्हणणं, चलन फाडायला जो कॅमेरा बघतो त्यानेच बघून मागच्याला सावध पण करावं, तो सगळा डेटा एकाच दोरीने जातो.

ती दोरी म्हणजे फायबरची केबल, आणि खरी गोची तिथेच आहे. रस्ता होताना कडेने त्या केबलसाठी दोन-तीन रिकामे पाइप टाकून ठेवायचे, ठराविक अंतरावर चेंबर करायचं, खांबाचं फाउंडेशन आणि लाइटची सोय करून ठेवायची, हे काम एकूण खर्चात कोथिंबिरीएवढं. तेच रस्ता झाल्यावर करायचं म्हटलं की खोदाई, ट्रॅफिक वळवणं, चार खात्यांच्या परवानग्या, आणि काँक्रीट फोडून ठिगळ. नाशिकच्या माणसाला खोदलेल्या रस्त्याबद्दल मी वेगळं काय सांगू, स्मार्ट सिटीच्या वेळी आपण सगळ्यांनी भोगलंय. रेडिओ कुठला बसवायचा याची घाई करू नका मात्र. अमेरिकेने १९९९ मधे एका प्रकारच्या रेडिओसाठी लहरी राखून ठेवल्या आणि २०२० मधे त्यातल्या बऱ्याचशा काढून घेऊन उरलेल्या मोबाइलच्या पद्धतीच्या दुसऱ्या रेडिओला दिल्या. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी पहिला रेडिओ खांबावर चढवला ते बसले हात चोळत, पण पाइप कोणाचा वाया गेला नाही.

आता कसारा आणि इगतपुरीचा पट्टा बघा. घाटात फोनवर बोलताना कॉल कट होतो हे काय नवीन नाही. समृद्धीचा इगतपुरीचा बोगदा पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, डोक्यावर डोंगर, तिथे आकाशातून जीपीएस येणार कुठून? लेनमधे राहायला मदत करणारी किंवा स्वतः चालणारी गाडी आत शिरली की आपण नेमकं कुठे आहोत हे तिला बोगद्यातल्या खुणांवरून आणि आत बसवलेल्या यंत्रांवरूनच कळणार, ते डिझाइनमधे आधीच पाहिजे. जुलैमधला इगतपुरीचा पाऊस तर ड्रायव्हरला वायपर लावून पण बॉनेटच्या पुढचं दिसू देत नाही, तिथे कॅमेरा काय डोंबल बघणार. पाणी आणि धुकं यात लेझरवालं यंत्र पण गडबडतं, रडार त्यातल्यात्यात टिकतं. म्हणजे परदेशातल्या कोरड्या, सरळ रस्त्यावर जी गाडी नमुनेदार चालते तिची खरी परीक्षा आपल्याकडे आहे, आणि रेडिओने येणारा निरोप पावसात पण येतो म्हणून घाटात त्याची गरज शहरापेक्षा जास्त.

पट्ट्यांचं सांगतो. केंद्राने २०२५ मधे मसुदा काढला की नवीन ट्रक आणि बसमधे आपोआप ब्रेक लागायची सोय, ड्रायव्हर पेंगला तर इशारा आणि लेन सुटली तर इशारा हे असावं. चांगलंच आहे, रात्रीच्या भाड्याला गाडी पाठवून झोप कशी लागत नाही ते माझ्या बायकोला विचारा. पण लेन सुटल्याचा इशारा देणारा कॅमेरा पांढरी पट्टी बघून देतो. आपल्याकडे पट्टी पहिल्या पावसाळ्यापर्यंत असते, नंतर अंदाजाने लेन. शिवाय काँक्रीट पांढुरकं आणि त्यावर पट्टी पण पांढरी, दुपारच्या उन्हात माणसालाच दिसत नाही तर कॅमेऱ्याला काय दिसणार, अशा ठिकाणी पट्टीच्या बाजूने काळी पट्टी मारतात म्हणजे उठून दिसते. अमेरिकेच्या पट्ट्या-पाट्यांच्या नियमावलीत २०२३ साली खास या गाड्यांसाठी वेगळा भाग टाकलाय. आपल्याला त्यासाठी परदेश दौरा नको, फक्त रिंगरोडच्या टेंडरमधे पट्टी किती वर्षं दिसली पाहिजे आणि दिसेनाशी झाली तर कोणाचं बिल अडवायचं हे लिहा.

ड्रायव्हरलेसचं काय, हे मला नाक्यावर पहिलं विचारतात. गडकरी साहेबांनी डिसेंबर २०२३ मधे नागपुरात स्पष्ट सांगितलं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या देशात येऊ देणार नाही. टाळ्या मी पण वाजवल्या, माझ्याकडे तीन ड्रायव्हर आहेत, तिघांची पोरं शाळेत आहेत. पण ड्रायव्हर ठेवायचा म्हणून त्याला आंधळं ठेवायचं असा त्याचा अर्थ काढू नये. गाडी किती स्वतःची स्वतः चालते याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात, आणि मी वर जे मागतोय ते सगळं ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसलेला असतानाच्या पायऱ्यांवरचं आहे. त्यात रस्ता एकदा झाला की तीस-चाळीस वर्षं आपल्या उरावर असतो, मंत्री आणि धोरण तेवढं टिकत नाही (हे छापलं नाही तरी चालेल).

एका गोष्टीची मात्र मला भीती आहे, आणि ती उलट्या बाजूची आहे. हे तंत्रज्ञान दाखवून रस्ता बारीक करायचा मोह होईल. हिशोब असा मांडतात की स्वतः चालणाऱ्या गाड्या सरळ रेषेत आणि जवळजवळ चालतात, म्हणजे लेन अरुंद चालेल आणि एका लेनमधून दुपटीच्या आसपास गाड्या जातील. जातील, पण जवळपास सगळ्या गाड्या तशा असतील तेव्हा. आपल्याकडे त्याच रोडवर उसाची ट्रॉली, वऱ्हाडाची बस, उलट्या दिशेने येणारा बुलेटवाला आणि वणीला चाललेले पायी भाविक, त्यांना कुठला रेडिओ लावताय? इंग्लंडने कडेची थांबायची पट्टीच वाहतुकीला देऊन टाकली आणि कॅमेऱ्यांच्या भरवशावर स्मार्ट मोटरवे केले, बंद पडलेल्या गाड्यांना मागून धडका बसून माणसं गेली, लोकांचा विश्वास उडाला आणि एप्रिल २०२३ मधे सरकारने तसे नवीन रस्ते करणंच रद्द केलं. म्हणून कडेची पट्टी रुंद, पूर्ण ट्रक मावेल एवढी पाहिजे, हा माझा हट्ट आहे. ती असती तर आमची गाडी त्या रात्री अर्धी रस्त्यावर राहिली नसती.

वाढवणच्या रस्त्याचं वेगळं बोलायला हवं कारण तो मुळात मालाचाच रस्ता. तिथे कंटेनर एकामागे एक, रेडिओने जोडून, पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याने त्याच क्षणी, असे चालवायचा दिवस आला तर तिथेच पहिला येईल. युरोपात २०१६ मधेच अशा ट्रकच्या रांगा वेगवेगळ्या देशांतून रॉटरडॅमपर्यंत नेऊन दाखवल्या. जपानने २०२५ मधे शिन-तोमेई एक्सप्रेसवेचा शंभरेक किलोमीटरचा तुकडा घेतला आणि रात्री १० ते पहाटे ५ एक लेन स्वतः चालणाऱ्या ट्रकच्या चाचणीला राखून ठेवली, दिवसा तीच लेन सगळ्यांची. मला ही आयडिया आवडली, वेगळा रस्ता नको की कायमची राखीव लेन नको. पण भाचा म्हणतो की भरलेले ट्रक इतके चिकटून चालले तर लांब पुलावर एका वेळी येणारं वजन वाढतं, आणि पूल तर एकदा बांधला की बांधला. सह्याद्री उतरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यात पूल किती येतील बघा. हे डिझाइनच्या टेबलावर विचारात घेतलंय का, एवढं एका ओळीचं उत्तर संबंधितांनी तुमच्या पेपरातून दिलं तरी पुष्कळ.

देखभालीचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे सिग्नल बसवतात उद्घाटनाला आणि बंद पडतो लग्नसराईपर्यंत. खांबावरचं यंत्र बंद पडलं तर कोण बघणार, किती तासात, पैसे टोलमधून की आणखी कशातून, हे ठरवूनच खांब उभा करा, नाहीतर त्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतील.

रिंगरोडचं काँक्रीट अजून पडायचंय. तोवर आमची पोरं क्लीनरच्या सीटमागे चार त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवतात, फांदी तोडणं बंद केलंय, आणि निघताना रिफ्लेक्टर मोजून घेतात.

आपला,
एक गाडीमालक
आडगाव, नाशिक