उशाशी बॅटरी

अदाना, तुर्कस्तान
रविवार, २६ फेब्रुवारी २०२३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतो, तरी पत्र लिहायला बसलोय. फोनवर तू ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो, मग दोघंही गप्प होतो आणि दादा फोन काढून घेतो. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे. दादाच्या पोरीला हे मोबाइलवर पाठवतोय, ती छापून आणून देईल. चष्मा लावून तूच वाच. तिला मोठ्यानं वाचायला लावू नकोस.

आधी ख्यालीखुशाली. मी ठणठणीत आहे. आमच्या बिल्डिंगला जिन्याच्या भिंतीवर तिरक्या भेगा पडल्यात. इंजिनिअर येऊन बघून गेले, कॉलमला काही झालेलं नाही म्हणाले. तरी पहिले आठ दिवस आम्ही गिरणीच्या गाड्यांमध्ये आणि गोदामात कापसाच्या गाठींशेजारी झोपलो. आता घरी झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो.

६ तारखेची ती भूकंपाची पहाट. ४ वाजून १७ मिनिटं. आधी वाटलं, वरचा माणूस कपाट सरकवतोय. मग माझं कपाट सरकलं. मिनिटभर, त्याच्याही वर, घर हलत राहिलं, आणि त्या आवाजानं मी आई, खरं सांगतो, आठ वर्षांचा झालो. जमिनीतून गाडी गेल्यासारखा तोच आवाज. किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी आपल्याकडं जमीन गुरगुरायची, आठवतंय? लोक हसण्यावारी न्यायचे, आजी मात्र हात जोडायची. आपल्याकडं ३ वाजून ५६, इथं ४ वाजून १७. माणसं गाढ झोपलेली असतात ती वेळ. आपल्याकडं तर आदल्या रात्री गणपती बुडवून सगळं गाव दमून पडलेलं.

अंधारात तीन मजले खाली आलो तो अनवाणी. पाऊस पडत होता, पायाखाली काचा. आणि तिथं उभं राहून मला तुझी आठवण आली. तीस वर्षं तू उशाशी बॅटरी आणि खाटेखाली चपला ठेवून झोपतेस. नव्या गावात आलो, पक्कं घर मिळालं, तरी ठेवतेस. मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा किती हसायचो तुला! त्या रात्री तळपायातून काच काढताना मला हसू आलं नाही.

आकडे दादाने टीव्हीवर बघितले असतील. पहिला धक्का ७.८ चा, कहरामानमराशजवळ. तुला अंदाज यावा म्हणून सांगतो, किल्लारीच्या मानानं जमिनीतून अडीचशे पट जास्त ताकद बाहेर पडली. त्यानंतर नऊ तासांनी, दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी, दुसरा, ७.५ चा. सकाळी घरात न शिरलेली माणसं दुपारी शिरली होती. कोणी कोट आणायला, कोणी कागदपत्रं, कोणी औषध. आजवर इथं तुर्कस्तानात ४४ हजारांच्या वर माणसं गेल्याचं सरकार सांगतंय. सिरियातली वेगळी. आपल्याकडं दहा हजारांच्या आसपास गेली तेव्हा वाटलं होतं, याच्यापुढं आकडाच नसेल.

आपल्याकडं दगडांनी मारलं. मातीत रचलेल्या हातहात रुंद भिंती, वर माळवदाची टनभर माती. इथं दगडमाती नाही, सिमेंट आहे, लिफ्ट आहे, बारा-तेरा मजले आहेत. पण पडल्यावर काय होतं सांगू? भाकऱ्यांची चवड होते. स्लॅबवर स्लॅब, मध्ये वीतभर फट. अदानात आमच्यापासून बसचे दोनतीन थांबे सोडून एक बिल्डिंग अशी बसली, आणि तिच्या शेजारची उभी. शेजारचीच्या गॅलरीत धुणं वाळत होतं. आमच्या फोरमनचं म्हणणं, खाली दुकानं काढायला लोक कॉलम छाटतात, वाळू चुकीची वापरतात. १९९९ साली इझमितला १७ हजार माणसं मेली, त्यानंतर इथं चांगले कायदे झाले. मग २०१८ मध्ये सरकारनं पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामं माफ केली. या मातीखाली मोठी भेग आहे हे इथल्या पोरांना शाळेत शिकवतात. आपल्याला तर कोणी सांगितलंही नव्हतं. शास्त्रज्ञही म्हणायचे, दख्खनचा दगड हलत नाही. म्हणून आपल्याकडं कोणावर चिडावं ते कळलं नाही. इथं लोकांना नीट कळतंय, आणि ते चिडलेत.

९ तारखेला, गुरुवारी, गिरणीचा टेम्पो घेऊन आम्ही पाचजण अंताक्याला गेलो. पाणी, पाव, घोंगड्या, लहान लेकरांचे डायपर. इस्केन्देरुनच्या बंदरावर कंटेनर जळत होते, काळा धूर समुद्रावर पसरलेला. पुढं बेलेनचा घाट, आणि घाटात क्रेन, रुग्णवाहिका, पोकलेन यांची अशी रांग की चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. अंताक्या फार जुनं शहर आहे. दोन वर्षांपूर्वी मी तुला तिथल्या बाजाराचे फोटो पाठवले होते, मिरच्यांच्या माळांचे. तो बाजार ओळखायलाच आला नाही.

तिथं एक पद्धत बघितली. ढिगाऱ्यावरचा माणूस मूठ वर करतो. बघता बघता खालचे सगळे मुठी वर करतात. मशिनं बंद, जनरेटर बंद, रडणारी बाईसुद्धा पदर तोंडात धरावा तशी रुमाल धरून गप्प. मग वरचा माणूस भोकात तोंड घालून ओरडतो, “सेसिमी दुयान वार मी?” माझा आवाज कोणाला ऐकू येतोय का? एवढ्या मोठ्या गावात पाव मिनिट नुसता पाऊस ऐकू येतो. मी असा शांतपणा आपल्या गावात नाही बघितला. आपल्याकडं सगळेच सगळ्यांना हाका मारत होते. मला अण्णांनी पायाला धरून ओढलं तेव्हा मी ओरडत होतो की नाही, हे मला आठवत नाही. तोंडात माती होती एवढं आठवतं.

त्याच गल्लीत एक बाई बसली होती. तुझ्याच वयाची. प्लास्टिकची खुर्ची, अंगावर घोंगडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. समोर तिची बिल्डिंग, म्हणजे ती चवड. मी पाण्याची बाटली दिली, तिनं घेतली, उघडली नाही. मला म्हणाली, वरून तिसरा स्लॅब बघ, पिस्त्याच्या रंगाचा पडदा दिसतो ना, ती माझ्या लेकाची खोली.

आई, या लोकांकडं दुःखात बोलायला बांधीव शब्द आहेत. संकट आलं की म्हणतात, ‘गेच्मिश ओल्सुन’, झालं ते मागं पडो. माणूस गेलं की म्हणतात, ‘बाशिनिझ सा ओल्सुन’, तुमचं डोकं शाबूत राहो. चार वर्षांत हे शब्द माझ्या तोंडात बसलेत, कोणाला सर्दी झाली तरी पहिला शब्द आपोआप येतो. पण तिला काय म्हणणार? पहिला म्हणावा तर मागं काहीच पडलेलं नाही. दुसरा म्हणावा तर तिच्या लेकाला मीच मारलं असं होईल. मधल्या वेळेसाठी शब्दच नाही त्यांच्याकडं. आपल्याकडं तरी कुठं आहे?

मी शेजारी विटेवर बसलो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, कुठला तू? हिंदुस्थानचा म्हटलं. मग सांगितलं की आठ वर्षांचा असताना मीही असाच दगडांखालून निघालोय. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. विचारलं, आई आहे? आहे म्हटलं. मग म्हणाली, “ती आता रात्री झोपते का?”

मी म्हटलं, झोपते, उशाशी बॅटरी ठेवून झोपते.

तिनं मान हलवली. तेवढंच. आम्हाला उजेडात घाट उतरायचा होता म्हणून निघालो. पुढच्या गुरुवारी दुसरी खेप केली तेव्हा तो ढिगारा उचललेला होता, जमीन सपाट. विचारायला कोणी नव्हतं.

आता तू फोनवर म्हणालीस त्या गोधड्यांचं. बचतगटातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या पाठवू नकोस, मनाला लावून घेऊ नकोस. अंताक्यात रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेत, लोक त्यांवरून चालतात. लांबून लोकांनी जीव लावूनच पाठवलेत, पण तिथं निवडत बसायला माणूस कुठाय? ते ढीग बघून मला आपला ट्रक आठवला. मुंबईहून आलेल्या गठुळ्यात तुला ती जांभळी, जर आणि टिकल्यांची साडी मिळाली होती, लग्नात नेसायची. तू ती पत्र्याच्या शेडला दार म्हणून लावलीस. आम्ही पोरं त्या टिकल्या मोजायचो. दोनशे अकरापर्यंत गेलो होतो. तर गोधड्या नकोत, त्या गटानं विकाव्यात. त्यातून कोणाला पैसे द्यावेसे वाटले तर मला सांग, इथून मी देईन.

आपली माणसंही इथं आली होती. भारतातून एनडीआरएफची दीडशेच्या आसपास माणसं, कुत्री, आणि इस्केन्देरुनला लष्कराचं अख्खं फील्ड हॉस्पिटल. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन दोस्त’. तुर्की भाषेतही दोस्त म्हणजे दोस्तच, त्यामुळं नाव कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या खेपेला जाताना रस्त्यावर तिरंग्याची पाटी दिसली, तर आमचा फोरमन गाडी चालवता चालवता माझ्या पाठीवर थाप मारत राहिला, जणू ते हॉस्पिटल मीच आणलंय.

आमच्या खात्यात एक सिरियन पोरगा आहे, बाविशीतला. युद्धातून पळून आला, इथं बस्तान बसवलं, आणि बहीण-मेव्हणे अंताक्यात भाड्यानं राहत होते ते गेले. त्यांना सीमेपलीकडं गावी पुरायला पाठवलं. ट्रक गेला, हा नाही गेला. गेला तर परत येऊ देतील की नाही ही धास्ती. तो परवापासून कामावर येतोय. तुटलेला धागा जोडताना त्याचे हात पूर्वीसारखेच चालतात. मी त्याच्याशी फार बोलत नाही, डब्यातलं अर्धं देतो.

इथं मोठ्या कबरस्तानांमध्ये लाकडी फळ्या उभ्या केल्यात, त्यांवर नावाऐवजी नंबर. ओळख पटली की नाव येणार. आपल्याकडं जळण मिळेना म्हणून घरांच्याच तुळया चितेला लावल्या होत्या. छकुलीला आणि आजीला आपल्या वाड्याच्या तुळईवर दिलं, हे मला अण्णांनी नव्हे, शाळेतल्या पोरांनी सांगितलं.

राष्ट्राध्यक्ष म्हणतात, वर्षभरात घरं बांधून देऊ. मला ती घाई बघून धडकी भरते. आपली बावन्न गावं उठवून नवी वसवली तेव्हा लोकांनी चांगुलपणानंच केलं, घरं पडणारी नाहीत हे खरं. साडेचारशे फुटांचं घर मिळालं, तुला त्याची तक्रार नाही. पण इतके रुंद रस्ते आखले की शेजारीण हाकेच्या बाहेर गेली. जुन्या गावात तू चुलीपुढं बसून तीन घरांशी बोलायचीस. माझ्या गिरणीतले लोक आता कंटेनरच्या घरांसाठी अर्ज भरतायत. मी प्रत्येकाला सांगतो, काही मागू नका, फक्त शेजारी तेच द्या म्हणून लिहा. ऐकतात, हो म्हणतात. अर्जात तसा रकाना नाही.

२० तारखेला रात्री पुन्हा ६.४ चा बसला, अंताक्याच्या हाताय प्रांतात. म्हणजे जवळपास किल्लारीएवढा. इथल्या बातम्यांत त्याला ‘नंतरचा धक्का’ म्हणत होते. मी पत्ते खेळत होतो, पानं हातात घेऊनच खाली पळालो. बूट घातलेले होते. आता घालूनच बसतो.

मे महिन्यात येतो, रजा सांगून ठेवलीय. छकुलीचा एकही फोटो आपल्याकडं नाही, आणि मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय, नुसता फ्रॉक आठवतो. तिच्याबद्दल मी तुला कधी विचारलं नाही, तुला त्रास होईल म्हणून. आल्यावर विचारणार आहे. नाही बोलावंसं वाटलं तर नको बोलूस, आपण ओट्यावर बसू.

अण्णांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आण, दादाला आठवण करत राहा. हरभऱ्याची रास झाली का ते कळव. दादाच्या पोरीला म्हणावं, परीक्षेआधी मोबाइल कमी.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या बॅटरीचे सेल बदललेस का? मागच्या दिवाळीत मंद झाली होती. मी इथं एक घेतलीय, सेलवाली नाही, हातानं फिरवायची. येताना तुलाही आणतो.