वहीच्या मागच्या पानावरचे प्रश्न

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय : आठवड्यातनं एकदा वाचकांच्या साध्यासुध्या प्रश्नांसाठी चार इंच जागा मिळावी म्हणून.

मी सांगलीत गावभागात राहतो. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं, आता घरीच असतो. तुमचा पेपर आमच्यात वडिलांपासनं येतो. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळं थोडं लांबलं तर सांभाळून घ्या, पण मधलं काही कापू नका ही विनंती, कारण सगळं एकमेकात गुंतलेलं आहे.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते पण दिवाणजीच. त्यांची एक सवय होती, वहीत पुढच्या बाजूनं हिशोब लिहायचे आणि तीच वही उलटी करून मागच्या बाजूनं प्रश्न लिहायचे. डाव्या पानावर प्रश्न, उजवं पान उत्तरासाठी कोरं. हिशोब पुढनं येतोय, प्रश्न मागनं येतायत, जिथं दोन्ही भेटतील तिथं वही संपली. उत्तर मिळालं की ते कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते पण लिहायचं. आणि एक नियम होता, नुसतं ऐकून लिहिलेल्या उत्तराला बरोबरची खूण करायची नाही, स्वतः जाऊन बघितलं किंवा हातानं करून बघितलं तरच खूण.

मी दहा वर्षांचा असेन, अण्णा मला हरिपूरला पेव उघडताना बघायला घेऊन गेले. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, घागरीसारखं. त्यात हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद आत राहायची आणि कीड लागायची नाही. आता पेवाचं तोंड उघडलं तरी कुणी लगेच आत उतरेना. बराच वेळ तसंच उघडं ठेवलं आणि मग एका हमालानं दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. मी विचारलं खाली अंधार आहे म्हणून काय? तो म्हणला नाही बाळ, कंदील विझला तर माणूस पण विझतो. ते वाक्य मला आजपर्यंत तसंच्या तसं आठवतं. बंद पेवात चांगली हवा संपून जाते, त्या हवेत किडा जगत नाही म्हणून हळद टिकते, आणि त्याच हवेत माणूस पण जगत नाही. म्हणजे हळद ज्यामुळं राखली जाते तेच उतरणाऱ्याच्या जिवावर येतं. घरी आल्यावर अण्णांनी माझ्याच हातानं हे वहीत लिहून घेतलं. तिथनं माझी सवय सुरू झाली.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठी बातमी होती, मी कापून ठेवलीय. पण हरिपूरची बरीच पेवं २००५च्या महापुरात पाणी शिरून गेली आणि कंदील सोडणारी ती माणसं पण आता राहिली नाहीत.

हळदीचंच अजून एक सांगतो. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या कपड्याला साबण लावला की डाग पिवळ्याचा लाल होतो, हे प्रत्येक घरात सगळ्यांनी बघितलेलं आहे पण कुणी विचारत नाही. आमच्या मंडळींनी विचारलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात माझा सदरा धुताना त्यांनी हाक मारली, अहो इकडं बघा, लाल झाला. मी वही काढली. मग आम्ही दोघांनी परसात बसून हळदीचं पाणी केलं, एका वाटीत चुन्याची निवळी टाकली तर ते लालभडक, त्यातच लिंबू पिळलं तर परत पिवळं. दुपारभर आमचं तेच चाललेलं. पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, म्हणजे ज्या सदऱ्यावर डाग पडला म्हणून आपण वैतागतो त्याच्यावर खरं तर कुंकूच तयार झालेलं असतं. साबणात खार असतो म्हणून हे होतं. आणि मंडळींचं दुसरं निरीक्षण असं की हा डाग कितीही घासला तरी जात नाही पण कडक उन्हात ओला वाळत घातला की दोन दिवसात फिका पडतो. हळदीचा रंग उजेडात तुटतो. त्यांनी हे शोधलं म्हणून त्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं, आणि वहीतला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आजही तोच आहे.

पुस्तकांचं म्हणाल तर मी फार वाचलेलं नाही पण जे वाचलं ते परत परत वाचलं. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) किती वेळा वाचली ते आता सांगता येणार नाही. माडगूळकर आमच्या जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, माणदेशातले. त्यातला मास्तर मेंढक्यांच्या वाडीत शाळा चालवायला जातो आणि शिकवायच्या आधी नुसता बघत राहतो, लोक कसे बोलतात, कसे बसतात, मेंढरं कशी निघतात. मला पुस्तकातलं ते बघणं आवडतं. ते वाचून माझ्या वहीत प्रश्न आला की शेकडो मेंढरांत धनगर आपलं मेंढरू कसं ओळखतो? मग कामानिमित्त आटपाडीच्या बाजाराकडं जाणं झालं तेव्हा एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं. तो म्हणला तोंडावरनं. मी म्हणलं मला तर सगळी तोंडं सारखीच दिसतात. तो म्हणला तुमच्या दुकानातली हळकुंडं मला सगळी सारखीच दिसतात की, तुम्ही कसा भाव करता? हे उत्तर मी जसंच्या तसं उतरवलंय, आणि खूण केलेली नाही, कारण मला अजून मेंढरं ओळखता येत नाहीत.

सिनेमात मी हात बघतो. म्हणजे पडद्यावरचा माणूस सुतार असेल तर तो रंधा कसा धरतो, बाई भाकरी थापत असेल तर पीठ फिरतंय का, हे माझं बघणं असतं, गोष्ट नंतर. परेश मोकाशींचा हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) मला त्याच्यासाठी आवडतो, कारण त्यात सगळ्यांचे हात सारखे काहीतरी करत असतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र दाखवला हे शाळेत सगळ्यांना शिकवतात पण त्याच्या आधी १९१२ मध्ये त्यांनी काय केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो कसा उगवतो त्याचं थोडं थोडं चित्रण रोज करत गेले, महिनाभर, आणि मग ते सलग दाखवलं. वाटाण्याचा वेल लोकांच्या डोळ्यासमोर भराभर वर आला. पैसे घालणाऱ्याला पटवायला त्यांनी राजाराणी नाही दाखवली, वाटाणा दाखवला! ज्या माणसाला बी कसं उगवतं ते बघत बसावं वाटलं त्याच्यातनं आपला सिनेमा आला ही गोष्ट मी येईल त्याला सांगतो.

तर गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली होती, तिला म्हणलं आपण मटकी करूया. ओल्या फडक्यावर मटकी पसरली, जुन्या खतावण्यांची चळत रचली, त्याच्यावर मोबाईल उलटा टेकवला आणि दर पंधरा मिनिटाला एक फोटो. ॲपनं आपोआप होतं पण तिला म्हणलं पहिल्या दिवशी हातानं काढ. दिवसाचे ९६ फोटो होतात (रात्री मी उठत होतो), सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, म्हणजे एक अख्खा दिवस आणि रात्र मिळून फक्त चार सेकंद. तिनं बोटं मोजून हिशोब केला आणि गप्पच बसली. मग म्हणली आजोबा, फाळक्यांना झोप कशी यायची? तो प्रश्न तिच्या स्वतःच्या वहीत पहिला आहे. मटकीला मोड फुटताना ती आधी अंग वळवते, कूस बदलल्यासारखी, हे मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा बघितलं, आणि आयुष्यभर मटकीची उसळ खाल्लीय.

कुणी म्हणेल आता मोबाईलवर सगळं मिळतं की. मिळतं, आणि मी पण बघतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक उदाहरण देतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी, तिच्यावर तारेखाली जो दोरा असतो तो सरकवला की तार एकदम भरून बोलायला लागते, त्याला जवारी म्हणतात. का होतं असं? मोबाईलवर शोधलं तर कळलं की तार घोडीच्या वळणाला हलकी घासते आणि वरचे बारीक स्वर जागे होतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर हे लिहिलेलं आहे, नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी. वाचून छान वाटलं. मग मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो, दहा-बारा किलोमीटर तर आहे. तिथल्या एका कारागिराला तेच विचारलं. त्यानं उत्तर दिलंच नाही, माझं बोट धरलं, दोऱ्यावर ठेवलं आणि म्हणला हळूहळू सरकवा, तार बोलली की थांबा. मी सरकवत गेलो, आधी ठप्प आवाज, मग थोडा खुला, आणि मग एका जागी असा काही आवाज सुटला की अंगावर काटा आला, केसभर पुढं गेलं तर परत गेला. मग त्यानं तंबोऱ्याचं पोट ज्याचं करतात ते भोपळे दाखवले, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, आणि भोपळा टिचकी मारून कसा निवडायचा ते सांगितलं. मोबाईलच्या उत्तरात मंगळवेढा नव्हतं आणि माझं बोट पण नव्हतं. वहीत दोन्ही उत्तरं लिहिली, खूण दुसऱ्यावर केली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला मानांकन मिळालंय, पण दुकानात जाऊन विचारणारे किती आहेत? मी गेलो त्या दिवशी तर मी एकटाच होतो.

आता मूळ मुद्दा.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट पाणी म्हणजे धोका पातळी, त्या वेळी ५७ फुटाच्या वर गेलं. आम्ही नेसत्या कपड्यावर बाहेर पडलो, माळ्यावर ठेवलेल्या वह्या तिथंच राहिल्या कारण माळ्यापर्यंत पाणी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल. वह्या फुगून विटांसारख्या झालेल्या. मंडळी आणि मी एकेक पान सोडवत बसलो आणि पान पानाला चिकटू नये म्हणून मध्ये तुमच्या पेपरचे कागद घालत गेलो, शेजारपाजारच्यांनी रद्दी आणून दिली. पंख्याखाली तीन आठवडे वाळवत होतो. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं वाचलं. पण अण्णा शाईच्या पेननं लिहायचे. त्यांचं सगळं धुऊन गेलं. त्यांनी प्रश्नांना नंबर मात्र लाल बॉलपेननं टाकलेले होते ते राहिले. म्हणजे पानावर १, २, ३, ४ असे नंबर ओळीनं आहेत आणि प्रत्येक नंबरासमोर निळा डाग. ३४० पर्यंत. अण्णांना काय काय विचारायचं होतं ते आता मला कधीच कळणार नाही. आणि मध्ये घातलेल्या पेपरची छपाई काही पानांवर उमटलीय, उलटी, आरशात धरली की वाचता येते. एका पानावर अण्णांचा ११८ नंबर आहे आणि त्याच्यापुढं उलट्या अक्षरात कुठल्यातरी गावच्या पाणीपुरवठ्याची बातमी.

ते पान बघूनच मला हे पत्र सुचलं. वही एका घरात असते साहेब, एक पूर आला की जाते. पेपर हजारो घरांत जातो, सगळीकडचा एकदम भिजत नाही. तुमच्याकडं भविष्य येतं, शब्दकोडं येतं, त्याच्याशेजारी आठवड्यातनं एक दिवस चार इंच जागा द्या. एका वाचकाचा एक प्रश्न, साधा, घरातला नाहीतर कामातला. पुढच्या आठवड्यात उत्तर, पण ते त्या कामातल्या माणसानं दिलेलं, गवंड्याचं असेल, तासगावच्या बेदाणावाल्याचं असेल, चुरमुरे भाजणाऱ्या बाईचं असेल. लिहिता येत नसेल तर त्यांच्या घरातल्या पोरानं लिहून पाठवावं. बक्षीस वगैरे काही नको. फक्त उत्तर कुणी दिलं त्याचं नाव आणि गाव छापा. उत्तर नाही आलं तर तेवढी जागा कोरी सोडा, अण्णांच्या उजव्या पानासारखी.

जागा द्यायचं ठरलं तर पहिला प्रश्न माझा घ्या, सोबत पाठवतोय. हळदीचा डाग उन्हात दोन दिवसात फिका पडतो हे आम्ही घरी करून बघितलं. मग आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रेला एवढा भंडारा म्हणजे हळदीची पूड उधळतात, तो दगडावर, पायऱ्यांवर किती दिवस पिवळा राहतो? यात्रा संपल्यावर उन्हानं उडतो, पावसानं जातो, का दगडात मुरतो? तिथं राहणाऱ्या कुणी रोज बघून सांगावं.

आपला,
एक जुना वाचक
गावभाग, सांगली