'भरपूर पाणी प्या' म्हणजे किती, आणि कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आणि मुतखडा यांवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. माहिती चांगली होती, पण 'रुग्ण पथ्य पाळत नाहीत, म्हणून खडा पुन्हा होतो' हे वाक्य मनाला लागलं. मी त्याच रुग्णांपैकी एक. जळगावात कापड दुकानात काउंटरला असते, सकाळी दहा ते रात्री साडेआठ.

पाच वर्षांपूर्वी माझा खडा दुर्बिणीतून काढला. घरी सोडताना कागदावर दोनच ओळी होत्या : भरपूर पाणी पिणे, पथ्य पाळणे. भरपूर म्हणजे किती, पथ्य कसलं, हे विचारावं तर मागे रांग उभी. मग पथ्य सांगायला अख्खी गल्ली आली. दुधाने चुना साचतो म्हणून सासूबाईंनी दूध-दही बंद केलं. बियांनी खडा होतो म्हणून वांगी-टोमॅटो गेले. जळगावात राहून दोन हिवाळे मी भरीत खाल्लं नाही. हुलग्याचं कढणही महिनोन् महिने प्यायले. पापड, लोणचं, शेव मात्र रोज ताटात, कारण मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता सांगा, मी पथ्य पाळलं की मोडलं?

गेल्या मे महिन्यात पुन्हा कळ आली. या वेळच्या डॉक्टरांनी चहाच्या गाळणीतून लघवी करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी गाळणीत खडा सापडला : ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, काटेरी. एवढ्याशा दाण्याने मला रात्रभर लोळवलं होतं! तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे कॅल्शियम आणि अन्नातून येणारं ऑक्झलेट मिळून झालेला, निघाला. पुढे सुट्टीच्या दिवशी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवली, ती जेमतेम एक लिटर भरली. घरी असताना एवढीच, तर दुकानात किती होत असेल? डॉक्टरांनी तेच विचारलं, "ताई, तुमचा दिवस कसा जातो?"

पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं. संडास गोदामाच्या मागे, किल्ली मालकांच्या खणात. गिऱ्हाइकांसमोर ती मागायची लाज वाटते, म्हणून आम्ही चौघीजणी दुपारनंतर पाण्याला तोंडच लावत नाही. बाटली भरलेली असते, तशीच घरी येते.

त्यांनी हिशोब उलटा मांडला. प्यायलेलं पाणी मोजू नका, दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आमच्याकडे पारा ४४ च्या पुढे गेला की कितीतरी पाणी घामातच जातं, त्यामुळे ठरलेले ग्लास उपयोगाचे नाहीत. लघवीचा रंग फिकट आहे ना, ते बघायचं. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.) मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. आणि जेवणातलं दूध-दही आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते लघवीत कमी उतरतं, म्हणजे मी सोडलं होतं ते नेमकं उपयोगाचं होतं. नर्सिंगला असलेल्या माझ्या मुलीने २००२ सालचा इटलीतला अभ्यास मला समजावून सांगितला. वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले होते. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत हा आकडा १२ होता. मला हे पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे की घरी सोडताना हे सगळं मराठीत, मापासकट छापून द्यावं आणि महिन्याभराने फोन करून विचारावं. दुखणं थांबलं की माणूस विसरतो, मीही विसरले होते. केरळच्या काही शाळांनी २०१९ मध्ये मुलांसाठी पाण्याची घंटा, म्हणजे पाणी प्यायची आठवण करून देणारी घंटा, सुरू केली. दुकानं, कारखाने, शाळा इथे काम करणाऱ्या बायकांसाठी तशी घंटा का नको? आणि घंटेआधी, सहज जाता येईल असा स्वच्छ संडास हवा.

डॉक्टरांची चिठ्ठी मी मालकांना दाखवली. त्यांनी काही न बोलता किल्ली खणातून काढली. आता ती काउंटरमागच्या खिळ्याला असते.

आपली,
एक दुकान कर्मचारी, जळगाव