आडोसा दाखवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक संघांबरोबर एकाच रेषेवरून सुटणाऱ्या रोड रेसमध्ये हौशी स्वार किती वेळ टिकेल, हे त्याच्या पायांवर ठरतं असं बहुतेकांना वाटतं. तुम्ही आमचं लक्ष पायांवरून काढून वाऱ्याकडे, घोळक्यातल्या जागेकडे आणि पोटाकडे वळवलंत. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास सायकल चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे उघड आभार पत्र. तुमची कारकीर्द संघनायकासाठी वारा अंगावर घेण्यात आणि संघाच्या गाडीतून बाटल्या आणण्यात गेली. निकालाच्या यादीत तुमचं नाव शोधावं लागतं. आम्हाला लागणारी विद्या मात्र त्याच कामात दडलेली होती.

पहिल्याच भेटीत तुम्ही वॅटचा, म्हणजे पायांच्या ताकदीचा, हिशेब मांडलात. वीस मिनिटांच्या चाचणीत शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ वॅट देणारे हौशी स्वार आहेत. पण सरासरी २०८ वॅटने चार तास चालवलं की सुमारे ३,००० किलोज्यूल खर्च होतात. त्यानंतरही व्यावसायिक स्वार जवळपास तोच आकडा देतो, हौशी स्वाराचा आकडा मात्र झपाट्याने घसरतो. हा फरक एका मोसमात भरून निघत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मग उरतं ते खर्च कमी करणं. २०१८ मध्ये हवेच्या रोधाचे अभ्यासक बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या भागातल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा जेमतेम ५ ते १० टक्के रोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. हे वाचून कोणालाही वाटेल की मग मागेच बसावं. तिथेच हौशी स्वार फसतो, कारण वळणावर पुढचे स्वार हलका ब्रेक लावतात आणि मागे येईपर्यंत त्याचं जवळजवळ थांबणं होतं. पुढचा स्वार वळणातून ताशी ३५ किलोमीटरने निघतो, शेवटचा २० ने, आणि मग त्याला ५० पर्यंत स्प्रिंट मारून चाक गाठावं लागतं. वळणं चाळीस असली तर चाळीस स्प्रिंट. आडोसा घ्यायचा, पण पहिल्या तीसात राहून, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत त्याला गणती नाही.

चढावर घसरायला जागा ठेवायची, हे आम्हाला तुमच्याकडून मिळालेलं सर्वात मोलाचं. १२० स्वार चार-चारच्या रांगांनी चढत असतील तर घोळका साधारण ७५ ते १०० मीटर लांब असतो. दोन किलोमीटरचा चढ ताशी २० ने सहा मिनिटांत संपतो. पायथ्याला अगदी पुढे असलेला स्वार पाच टक्के हळू चढला तर माथ्यावर तो १८ सेकंद, म्हणजे शंभर मीटर मागे असतो. म्हणजेच घोळक्याच्या शेपटाला, पण घोळक्यातच. चढावर वेग आणि ताकद जवळपास एकाच प्रमाणात चालतात, त्यामुळे इतरांना ३८० वॅट लागत असताना त्याचं ३६० वर भागतं. तोच स्वार पायथ्याला शेवटी असेल तर सुटलेला पहिला मीटरही परत मिळत नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही कधी गाळली नाहीत: माथा आला की संपलं असं समजायचं नाही. पुढचे स्वार उतार लागताच वेग घेतात आणि मागचे अजून चढत असतात. म्हणून शेवटच्या दोनशे मीटरसाठी दम राखायचा आणि दोन दात जड गिअरवर येऊन माथा पार करायचा.

आडव्या वाऱ्याचं गणित त्याहून निर्दय. वारा डावीकडून असेल तर आडोसा मागे-उजवीकडे मिळतो, म्हणून रांग तिरकी लागते. रस्त्याच्या रुंदीत दहा-पंधरा जण मावतात. त्यापुढचा प्रत्येक जण कडेच्या पट्ट्यावर एकामागे एक लटकतो आणि त्याला आडोसा जवळजवळ नसतोच. तिथे फटीत घुसण्यासाठी झुंजण्यापेक्षा मागे दुसरी तिरकी रांग लावायची. झाडांची रांग संपते, पूल सुरू होतो किंवा रस्ता मोकळ्या माळावर वळतो, अशा जागा आदल्या दिवशी नकाशावर वाऱ्याच्या दिशेशी ताडून बघायच्या आणि त्याआधी दोन किलोमीटर पुढे सरकायचं. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला न्यायचं नाही, कारण स्पर्श झाला की पडतो तो मागचाच.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही कोणाचंच ऐकून घेतलं नाहीत, आणि बरोबर केलंत. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ४०० ते ५०० ग्रॅम. शर्यतीच्या वेगात ते दोन-तीन तासांत तळाला जातं. म्हणून सुटल्यापासून विसाव्या मिनिटाला पहिला घास, आणि पुढे तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं. ६० च्या वर जायचं तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत, साधारण दोनास एक, कारण आतड्यात दोघांची वाट वेगळी आहे. आणि हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. सरावात ४० पासून सुरू करून आठवड्यागणिक वाढवलं नाही तर तिसऱ्या तासाला पोट फुगतं.

खाद्य क्षेत्रात, म्हणजे शर्यतीत खाणं-पाणी देण्याच्या जागेत, बाटली हातात देणारे तुम्हीच असायचात. दोन बोटांनी वरून मान धरलेली, हात खांद्याच्या उंचीला. स्वाराने खालचा अर्धा भाग पकडायचा, कोपर किंचित वाकलेलं, आणि पकडताच हात मागे जाऊ द्यायचा. ताशी ३० ने हात ताठ ठेवला की बाटली उडते, आणि नजर बाटलीवर खिळली की पुढचं चाक दिसत नाही. तुम्हीही तेव्हा दोन पावलं बरोबर धावत हात पुढे न्यायचात, म्हणून झटका बसत नसे. इतक्या लहानशा गोष्टीवर पुढचा तास अवलंबून असतो.

चाक बदलण्याचंही तसंच. मागचं पंक्चर झालं की थांबण्याआधीच साखळी सर्वात लहान दात्यावर आणायची. चाक काढलेलं असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. पॅड आत सरकले की नवीन चाकाची डिस्क शिरतच नाही. हौशी स्वारांना बहुतेकदा सामाईक मदत गाडीच मिळते. तिच्याकडची डिस्क १६० मिलिमीटरची आणि सायकलला १४० ची लागत असेल, किंवा कॅसेट (मागच्या चाकावरचा दात्यांचा संच) अकराची आणि गिअर बाराचे असतील, तर नवं चाकही निरुपयोगी. तुम्ही प्रत्येकाचं जादा चाक आपापल्या सायकलवर आदल्या संध्याकाळी चढवून, ब्रेक घासतो का ते ऐकून, बिब क्रमांकाची चिकटपट्टी लावून ठेवायला लावलंत. टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट किती राहिलंय हेही तेव्हाच बघायचं. ते सुकलेलं असेल तर ट्यूबलेसचा काही उपयोग नाही.

‘हौशी स्वार व्यावसायिकांसमोर जिंकतो का’ या प्रश्नाला तुमचं ठरलेलं उत्तर म्हणजे आना कीसेनहोफर. कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली, गणितात डॉक्टरेट केलेली ही ऑस्ट्रियन २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या १३७ किलोमीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच निसटली, शेवटचे सुमारे ४० किलोमीटर एकटी चालली आणि १ मिनिट १५ सेकंदांनी जिंकली. दुसऱ्या आलेल्या आनेमीक फान फ्ल्यूटेनला रेषेवर आपणच जिंकलो असं वाटलं होतं. ऑलिंपिकमध्ये स्वारांना संघाशी बोलायचा रेडिओ नसतो, म्हणून हा योगायोग, असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अनोळखी नावाला मोठे संघ मोकळं सोडतात. हौशी स्वाराला मिळणारी सवलत हीच, आणि ती तिने पहिल्या किलोमीटरपासून वापरली. घोळक्यात असलेल्याने काय शिकायचं हेही तुम्ही सांगितलंत: पुढे कितीजण गेले ते स्वतः मोजायचं, आणि प्रत्येकजण पकडला गेला की एक वजा करायचा.

दादा, तुम्ही स्टेमवर, म्हणजे हँडल जोडणाऱ्या दांड्यावर, चिकटवायला दिलेली ती बोटभर रुंदीची पट्टी आता प्रत्येकाच्या सायकलवर असते: चढाचा किलोमीटर, आडव्या वाऱ्याचं वळण, खाद्य क्षेत्र, शेवटचा अरुंद रस्ता. वर चिकटटेप, म्हणजे घामाने शाई पसरत नाही. अक्षर तुमच्यासारखं मोठं काढतो, कारण चौथ्या तासाला बारीक अक्षर वाचता येत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.

मनापासून आभार.

तुमचे,
मागे पडलेल्यांना उचलणाऱ्या शेवटच्या गाडीच्या पुढे राहायला शिकलेले सगळे हौशी स्वार