खिडकीवरच्या बाईंना कुणी विचारले का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकाल आणि प्रवेशाचे दिवस आले की ‘पोर्टल बंद, विद्यार्थी ताटकळले’ अशा बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. दोष बहुधा सर्व्हरच्या माथी जातो. मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. कार्यालयातले काम कसे चालते ते समजून घेऊन प्रोग्रॅमरना नेमके लिहून द्यायचे, हा माझा व्यवसाय. सध्या नाशिकबाहेरच्या एका विद्यापीठाच्या डिजिटल परिवर्तनावर काम करतो. सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांना दिसतो. नियमच चुकीचा लिहिला गेला, तर पोर्टल व्यवस्थित चालू असते आणि विद्यार्थी तेवढा अडकतो.

गेल्या हिवाळ्यात ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज आम्ही ऑनलाइन केला. गुणपत्रिकेवरचे नाव आधारशी तंतोतंत जुळले पाहिजे, हा नियम मीच लिहिला होता. अधिकाऱ्यांनी बैठकीत तसेच सांगितले होते, साइन-ऑफही, म्हणजे लेखी मंजुरीही, मिळाला होता. आठवड्याभरात विद्यापीठात अर्ज घेणाऱ्या खिडकीपाशी सिन्नरची एक मुलगी भेटली. रात्रीच्या एसटीने आलेली, कडेवर लहान मूल. गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे. आधारवर तिचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. पोर्टलने तिचा अर्ज तीनदा परतवला होता.

खिडकीवरच्या बाईंनी मला आत बोलावले आणि लाल कापडी बांधणीची नोंदवही उघडली. शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात बारीक अक्षरात जागोजागी लिहिलेले : ‘विवाहापूर्वीचे नाव. विवाह नोंदणी दाखला व प्रतिज्ञापत्र पाहिले.’ खाली सही. एकेका पानावर असे चार-पाच शेरे. ‘‘हे कुठं लिहिलेलं नाही हो, पण याशिवाय लग्न झालेल्या मुलींची कामंच व्हायची नाहीत,’’ त्या म्हणाल्या. आमच्या एकाही बैठकीला त्यांना बोलावले नव्हते. मीही आपणहून त्यांच्याकडे गेलो नव्हतो. ती चूक माझी. मुलीचे काम त्या दिवशी वहीवरच झाले. तो रकाना पोर्टलमध्ये यायला पुढे पाच आठवडे लागले.

हा प्रश्न एका खिडकीपुरता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, म्हणजे विद्यार्थ्याने शिकून मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) जमा ठेवणारी ऑनलाइन सोय. खाते डिजिलॉकरमार्फत उघडते, ओळख आधारवरून पटते. मिळवलेले क्रेडिट ७ वर्षांपर्यंत राहू शकतात. ही सोय खरोखर चांगली आहे, शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठी तर फारच. पण त्या ७ वर्षांत किती मुलींची आडनावे बदलतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मुलांचेही तेच : रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ दहावीच्या प्रमाणपत्रावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्याच.

नाशिकला हे दूरचे वाटू नये. १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आणि १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्हींची मुख्यालये आपल्या शहरात आणि विद्यार्थी राज्यभर. मुक्त विद्यापीठात तर लग्नानंतर, नोकरी सांभाळून पुन्हा शिकू लागलेल्या कितीतरी बाया आहेत.

म्हणून राज्यातल्या सगळ्याच विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे. टेंडर काढण्याआधी ॲनालिस्टला निदान पंधरा दिवस खिडकीमागे बसवा. चाचणीच्या कागदावर फक्त अधिकाऱ्यांची सही पुरेशी मानू नका. लिपिकाने आणि खऱ्या विद्यार्थ्याने अर्ज भरून पाहिल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नका, आणि ऐन जून-जुलैत तर नकोच. जुनी नोंदवही एक परीक्षा-हंगाम तरी शेजारी राहू द्या.

त्या बाई येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. मी विद्यापीठात असलो की दुपारी त्यांच्याशेजारी बसून जुन्या वह्यांमधले शेरे उतरवून घेतो. अजून अकरा वह्या बाकी आहेत.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक